आज्ञेने काढलेली रेषा

चेन्नईच्या मध्यवर्ती स्थानकावरून अरक्कोणमच्या दिशेने निघालेली उपनगरी गाडी वीसेक किलोमीटर अंतर तोडून आवडी या गावी येते. मराठी वाचकाला हे नाव आपल्याच भाषेतले वाटेल. परंतु ते तमिळ प्रदेशातील गाव आहे, आणि आधुनिक भारताच्या इतिहासात त्याची नोंद दोन कारणांनी झालेली आहे. जानेवारी १९५५ मध्ये येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे ध्येय मान्य करण्यात आले. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे १९६१ साली, येथे अवजड वाहनांचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९६५ मध्ये त्यातून ‘विजयंता’ हा रणगाडा बाहेर पडला. इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीच्या अभिकल्पावर तो आधारलेला होता.

आवडीचे महाराष्ट्राशीही एक नाते आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन व विकास संस्थेची एक तुकडी आवडीस काम करीत असे. १९७६ मध्ये तिला स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले आणि लढाऊ वाहनांच्या संशोधनाचे काम तिच्याकडे आले. ‘अर्जुन’ रणगाड्याचा अभिकल्प याच संस्थेत तयार झाला. शेजारच्या अंबत्तूर येथे १९६४ पासून लहान उद्योगांची मोठी वसाहत उभी राहिली असून, धातूचे सुटे भाग करणाऱ्या अनेक यंत्रशाळा तेथे आहेत.

अशा प्रदेशात एखाद्या यंत्राचा भाग जन्माला येतो तेव्हा त्यामागे अनेक माणसे असतात. भागाची कल्पना करणारा अभियंता एका इमारतीत असतो, पत्रा कापणारा कारागीर दुसऱ्या इमारतीत, तर छिद्रे पाडणारा जोडारी किंवा दांडा कातणारा कातारी कदाचित दुसऱ्याच गावात. त्यांची एकमेकांशी भेट होईलच असे नाही. त्यांच्यामध्ये ये-जा करते ते रेखाटन. अभियंत्याच्या मनात जे आहे ते जोडाऱ्याच्या हाती नेमके पोहोचेल की नाही, हे त्या रेखाटनावर अवलंबून असते. हे रेखाटन पूर्वी हाताने कागदावर काढीत. आता ते संगणकाला आज्ञा देऊन काढतात. वरवर पाहता हा केवळ साधनातील बदल वाटतो. वस्तुतः त्यामुळे रेषेचा अर्थच बदलला आहे. तो कसा बदलला, आणि आज्ञा देणाऱ्यावर त्यामुळे कोणती जबाबदारी येऊन पडली, हे या प्रकरणात काही साध्या आकृत्यांच्या आधारे पाहावयाचे आहे.

कागदावरची रेषा

आरेखनाचा जुना सरंजाम अनेक वाचकांनी पाहिला असेल. उतरता लाकडी फलक, त्याच्या कडेवर सरकणारा टी-स्क्वेअर, दोन गुणे, कंपास, कोनमापक आणि टोकदार शिसपेन्सिली एवढी ती सामग्री. पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर पारदर्शक ट्रेसिंग कागद ठेवून शाईने ती गिरवीत, आणि चूक झाल्यास दाढीच्या पात्याने शाई हलकेच खरवडून काढीत. या कामाला स्थिर हात लागे आणि तो घडायला वर्षे लागत.

तथापि हात कितीही स्थिर असला तरी कागदावरच्या रेषेला जाडी असते. समजा ती अर्धा मिलिमीटर आहे आणि रेखाटन १:१० या प्रमाणात काढले आहे. अशा रेखाटनातील रेषेची नुसती जाडी प्रत्यक्ष वस्तूवर ५ मिलिमीटर भरते. शिवाय हवेतील दमटपणामुळे कागद ताणतो आणि आकसतो. म्हणून यंत्रशाळेत एक नियम कसोशीने पाळला जाई: रेखाटनावर पट्टी ठेवून माप घ्यावयाचे नाही, रेषेशेजारी लिहिलेला आकडाच प्रमाण मानावयाचा. याचा अर्थ असा की, कागदावरची रेषा ही वस्तूचे केवळ चित्र होती आणि खरे माप आकड्यात होते. रेषा किंचित तिरपी गेली तरी आकडा बरोबर असेल तर वस्तू बरोबर होई.

संगणकाने या व्यवस्थेची उलटापालट केली. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत संशोधन करणारे आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तिच्यात रेषा व वर्तुळे काढता येत. एवढेच नव्हे, तर या दोन रेषा समांतर असाव्यात अशी अट घातली की ती अट यंत्र पाळीत असे. त्या काळी असे यंत्र एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेलाच परवडे. १९८२ च्या अखेरीस ‘ऑटोकॅड’ ही प्रणाली आली आणि टेबलावर मावणाऱ्या संगणकावर आरेखन शक्य झाले. आज अशा अनेक प्रणाली आहेत. त्यांची बाह्य रूपे निराळी असली तरी आज्ञांचे मूळ तत्त्व बहुतांशी सारखेच आहे. येथील उदाहरणे ऑटोकॅडमधील आज्ञांना अनुसरून दिली आहेत.

या प्रणालींत रेषा म्हणजे शाईचा पट्टा नव्हे. यंत्राच्या स्मृतीत रेषेच्या दोन टोकांचे आकडे तेवढे साठवलेले असतात, आणि तेही पंधरा-सोळा अंकांपर्यंतच्या सूक्ष्मतेने. पडद्यावर दिसते ते त्या आकड्यांचे तात्पुरते चित्र होय. रेषेला जाडी नाही, आणि प्रमाण निवडण्याचाही प्रश्न नाही. वस्तू जेवढी असेल तेवढीच ती काढावयाची, लहानमोठे करणे छपाईच्या वेळी पाहावयाचे. आता रेषा हीच आकडा झाली आहे. म्हणूनच रेषेतील चूक ही नुसती चित्रातली चूक राहिली नाही, ती वस्तूतलीही चूक झाली.

बिंदूचा पत्ता

यंत्राला ‘येथे’ आणि ‘तेथे’ हे शब्द कळत नाहीत. त्याला प्रत्येक बिंदूचा पत्ता द्यावा लागतो. शाळेत आलेखाच्या कागदावर शिकलेले निर्देशक येथे उपयोगी पडतात. एक आरंभबिंदू मानला, त्याच्यापासून उजवीकडचे अंतर आधी व वरचे अंतर नंतर सांगितले की बिंदू निश्चित होतो. ‘१००,६०’ म्हणजे आरंभबिंदूपासून उजवीकडे १०० आणि वर ६० मिलिमीटर. (यंत्राच्या कळफलकावर हे अंक रोमन लिपीत उमटवतात, येथे ते वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.)

पत्ता सांगण्याच्या तीन रीती आहेत. पहिली निरपेक्ष; वर दिलेले उदाहरण तिचेच आहे. दुसरी सापेक्ष, हिच्यात आरंभबिंदू सोडून आपण शेवटी जेथे होतो तेथून अंतर मोजतात आणि आकड्यांआधी ‘@’ ही खूण घालतात. ‘@५०,०’ म्हणजे येथून ५० उजवीकडे. तिसरी रीत कोनाची. ‘@५०<३०’ म्हणजे येथून ५० मिलिमीटर, ३० अंशांच्या दिशेने. कोन नकाशातील पूर्वेकडून, म्हणजे उजव्या हाताच्या आडव्या दिशेपासून, घड्याळाच्या काट्याच्या उलट मोजतात. या शेवटच्या आज्ञेने आपण सुमारे ४३.३० उजवीकडे आणि २५ वर जाऊन पोहोचतो. त्रिकोणमितीचे कोष्टक उघडण्याचे श्रम यंत्र वाचवते.

नवशिक्याचा पहिला गोंधळ येथेच होतो. ‘@’ ही खूण विसरली की ५० पुढे जाण्याऐवजी रेषा आरंभबिंदूकडे वळते. उलट अलीकडच्या आवृत्त्यांत दर्शकाशेजारी उमटणाऱ्या चौकटीत आकडे टाइप केले तर दुसऱ्या बिंदूपासूनचे आकडे न सांगताही सापेक्ष धरले जातात. ‘एफ-१२’ ही कळ दाबून ही सोय चालू वा बंद करता येते. म्हणून कामास बसताना यंत्र आपले आकडे कोणत्या रीतीने वाचते आहे, हे आधी पाहून घ्यावे. यंत्र चुकीचे ऐकत नाही. ते ठरलेल्या रीतीनेच ऐकते.

आज्ञेचे व्याकरण

आपल्या भाषेत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा काढ’ असे आपण म्हणतो. संगणकाला आज्ञा देताना हा क्रम उलटा होतो. आधी क्रिया सांगावयाची, म्हणजे ‘लाइन’ असा शब्द टाइप करून एंटरची कळ दाबावयाची. मग यंत्र विचारते: पहिला बिंदू कोणता? उत्तर दिले की विचारते: पुढचा बिंदू कोणता? आणखी आज्ञा नको असे सुचवण्यासाठी रिकामी एंटर दाबली की संवाद संपतो. अशा प्रकारे आज्ञा म्हणजे एकतर्फी हुकूम नसून ती प्रश्नोत्तरांची एक लहानशी मालिका असते, आणि त्या आकृतीला पुरी होण्यासाठी जेवढी माहिती हवी असते तेवढेच प्रश्न तीत येतात.

या गोष्टीचे महत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. युक्लिडने भूमितीच्या आरंभी जी गृहीतके मांडली, त्यांत कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेषा काढता येते, तसेच केंद्र व अंतर दिले असता वर्तुळ काढता येते, ही दोन आहेत. ‘लाइन’ आणि ‘सर्कल’ या आज्ञा नेमक्या त्याच होत. त्याहून जुनी परंपरा आपल्याकडे आहे. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. खुंटी रोवून, दोरी ताणून रेषा व वर्तुळे कशी काढावीत हे त्यांत सांगितले आहे. आजही सुतार गेरूत भिजवलेले सूत दोन टोकांना धरून फळीवर रेघ उठवतो. त्याला दोनच गोष्टी लागतात: येथून आणि तेथपर्यंत. यंत्र विचारते ते प्रश्नही हेच असतात.

वर्तुळ आणि वर्तुळकंस

‘सर्कल’ ही आज्ञा दिली की यंत्र केंद्रबिंदू विचारते आणि नंतर त्रिज्या. येथे थोडे सावध राहावे. यंत्रशाळेत छिद्राचे माप व्यासाने सांगण्याची रीत आहे, कारण बरम्याचे, म्हणजे छिद्र पाडणाऱ्या हत्याराचे, माप व्यासातच असते. रेखाटनकाराने व्यासाचा १२ हा आकडा त्रिज्येच्या प्रश्नाला दिला की छिद्र २४ मिलिमीटरचे होते. व्यासच सांगावयाचा असेल तर आधी ‘डी’ हे अक्षर देऊन तसे कळवावे लागते.

केंद्र ठाऊक नसेल तर? वर्तुळावरील कोणतेही तीन बिंदू दिले तरी वर्तुळ निश्चित होते, असा भूमितीचा सिद्धांत आहे, आणि यंत्रात त्याचीही सोय आहे. एखाद्या जुन्या, तुटलेल्या चाकाचा तुकडा हाती आला असता त्याच्या कडेवरील तीन बिंदू मोजून मूळ चाकाचा व्यास काढता येतो. मात्र ते तीन बिंदू एका सरळ रेषेत असतील तर वर्तुळ होणार नाही, आणि यंत्र ते काढण्यास नकार देईल. हा यंत्राचा दोष नव्हे. अशक्य गोष्ट मागितली असता युक्लिडही हेच उत्तर देता. याखेरीज दोन रेषांना स्पर्श करणारे अमुक त्रिज्येचे वर्तुळ, किंवा तीन रेषांना स्पर्श करणारे वर्तुळ, असेही मागता येते.

वर्तुळकंस काढण्याच्या ‘आर्क’ या आज्ञेत पर्याय अधिक आहेत, कारण कंसाला वर्तुळाखेरीज आरंभ आणि शेवटही असतो. आरंभबिंदू, केंद्र व शेवटचा बिंदू दिले असता कंस घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने काढला जातो. आरंभ आणि शेवट यांची अदलाबदल झाली तर आपल्याला हवा तो लहान कंस न येता वर्तुळाचा उरलेला मोठा भाग पडद्यावर येतो. चूक कळताच पुष्कळ जण निराळ्याच आज्ञा शोधू लागतात. वास्तविक दोन बिंदूंचा क्रम बदलणे एवढेच पुरेसे असते.

रणगाड्याचा वरचा भाग ज्या कड्यावर फिरतो, त्यासारख्या मोठ्या कड्याला एका वर्तुळावर समान अंतराने बोल्ट बसवावे लागतात. असे १२ बोल्ट हाताने आखावयाचे तर कंपासमध्ये वर्तुळाची त्रिज्याच धरून परिघाचे सहा भाग करीत आणि मग प्रत्येकाचे दोन. शेवटच्या भागापर्यंत येताना कंपासच्या टोकाची चूक साठत जाई. संगणकावर एकच छिद्र काढून ‘अ‍ॅरे’ या आज्ञेने मध्याभोवती त्याच्या १२ प्रती मागितल्या की त्या नेमक्या ३० अंशांवर बसतात. पण १२ हव्यात, ११ किंवा १३ नकोत, हे ठरवण्याचे काम अभियंत्याचेच राहते.

षट्कोन आणि पान्याचे माप

‘पॉलिगॉन’ ही आज्ञा समभुज बहुभुजासाठी आहे. यंत्र आधी भुजांची संख्या विचारते, मग केंद्र. त्यानंतर येणारा प्रश्न नवशिक्याला अनावश्यक वाटतो: बहुभुज वर्तुळाच्या आत बसवावयाचा की वर्तुळाबाहेर? शेवटी त्रिज्या विचारली जाते.

हा प्रश्न किती मोलाचा आहे हे एका बोल्टच्या उदाहरणाने पटेल. १६ मिलिमीटर जाडीच्या सर्वसाधारण बोल्टच्या षट्कोनी डोक्याला २४ क्रमांकाचा पाना लागतो. पान्याचे माप समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर सांगते. म्हणजे डोक्याच्या सपाट बाजू केंद्रापासून १२ मिलिमीटरवर असल्या पाहिजेत. त्रिज्या १२ देऊन षट्कोन वर्तुळाबाहेर मागितला तर प्रत्येक बाजू वर्तुळाला स्पर्श करते आणि अंतर बरोबर २४ येते. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील अंतर सुमारे २७.७१ होते. परंतु त्याच त्रिज्येने षट्कोन वर्तुळाच्या आत मागितला तर आता कोपरे वर्तुळावर येतात. कोपऱ्यांमधील अंतर २४ होते आणि सपाट बाजूंमधील अंतर सुमारे २०.७८ वर येते. पडद्यावर दोन्ही षट्कोन सारखेच सुबक दिसतात. प्रत्यक्षात दुसऱ्यावर २४ चा पाना नुसताच गरगर फिरेल.

येथे यंत्राने काहीही चूक केलेली नाही. त्याने प्रश्न विचारला होता. ज्याला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही त्याने समोर आलेला पर्याय स्वीकारला, एवढेच.

एक पोलादी प्लेट

आतापर्यंतच्या आज्ञा एकत्र आणून आपण एक लहानसा भाग काढू. ही एक झाकणाची प्लेट आहे, असे समजा: लांबी २००, रुंदी १२०, चारही कोपरे २० मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेले, मध्यभागी ६० व्यासाचे मोठे छिद्र, आणि कोपऱ्यांजवळ बोल्टसाठी १२ व्यासाची चार छिद्रे.

प्रथम चौकट. ‘लाइन’ ही आज्ञा देऊन पहिला बिंदू ‘०,०’ द्यावा. पुढचे बिंदू अनुक्रमे ‘@२००,०’, ‘@०,१२०’ आणि ‘@-२००,०’ असे येतील. वजा चिन्हाचा अर्थ डावीकडे. शेवटची बाजू आकड्यांनी न सांगता ‘क्लोज’ या शब्दाचे ‘सी’ हे आद्याक्षर द्यावे. रेषा आपल्या आरंभाशी नेमकी जाऊन मिळते. हीच चौकट ‘रेक्टँग’ या आज्ञेने समोरासमोरचे दोन कोपरे, ‘०,०’ आणि ‘२००,१२०’, देऊनही काढता येते. तीत चारही बाजू मिळून एकच आकृती होते, तर ‘लाइन’ने चार सुट्या रेषा मिळतात.

मग छिद्रे. मधल्या वर्तुळाचे केंद्र ‘१००,६०’ आणि त्रिज्या ३०. लहान वर्तुळांची केंद्रे ‘२०,२०’, ‘१८०,२०’, ‘१८०,१००’ आणि ‘२०,१००’; प्रत्येकाची त्रिज्या ६. शेवटी ‘फिलेट’ या आज्ञेत त्रिज्या २० ठरवून कोपऱ्याच्या दोन-दोन बाजू दाखवल्या की कोपरे गोल होतात. गोलाईचे केंद्र आणि लहान छिद्राचे केंद्र एकच आहे, हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. त्यामुळे छिद्राच्या कडेपासून प्लेटच्या गोल कडेपर्यंत सर्वत्र १४ मिलिमीटर धातू शिल्लक राहतो. ही गोष्ट कोणत्याही आज्ञेने घडवलेली नाही. ती माप निवडणाऱ्याने घडवलेली आहे.

आकृती पुरी झाली की तिचे क्षेत्रफळ यंत्राला विचारता येते. छिद्रे वजा जाता ते सुमारे २०,३७७ चौरस मिलिमीटर भरते. प्लेट १० मिलिमीटर जाडीची पोलादी असेल तर तिचे वजन सुमारे १.६ किलो होईल. असे शेकडो भाग मिळून वाहनाचे वजन बनत असल्यामुळे, धातू कापण्यापूर्वीच हा आकडा हाती येणे अभियंत्याच्या दृष्टीने फार उपयोगाचे असते.

न जुळलेला कोपरा

आता त्याच प्लेटच्या बाबतीत एक लहानशी चूक झाली असे मानू. तिसऱ्या बाजूला ‘@-२००,०’ ऐवजी ‘@-१९९.९,०’ टाइप झाले, आणि शेवटची बाजू ‘सी’ने न मिटवता ‘@०,-१२०’ अशी दिली. शेवटचे टोक आरंभबिंदूच्या उजवीकडे ०.१ मिलिमीटरवर जाऊन थांबते. पूर्ण प्लेट पडद्यावर सुमारे हजार ठिपक्यांच्या रुंदीत दिसत असेल, तर ही फट अर्ध्या ठिपक्याएवढी आहे. डोळ्याला ती दिसणे शक्य नाही. कोपरा गोल करण्यापूर्वी पाहणाऱ्यास ती चौकट पूर्ण मिटलेली वाटेल.

परंतु यंत्राच्या दृष्टीने ती चौकट नाहीच. त्या चार सुट्या रेषा आहेत.  तिला जाडी द्यावयास सांगितले तर भरीव प्लेट न होता पातळ पडद्यासारखे पृष्ठभाग उभे राहतात. कडेवरून पत्रा कापणाऱ्या यंत्राला हीच आकृती दिली तर त्याचा मार्ग सुरू झाला तेथे येऊन मिळत नाही. म्हणूनच अनुभवी आरेखक टोकाला टोक नजरेने लावीत नाहीत. रेषेचे टोक, मध्य, वर्तुळाचे केंद्र अशा ठिकाणी दर्शक नेमका पकडला जावा याची सोय प्रणालीत असते, आणि ती सोय चालू असल्याशिवाय ते कामाला हात घालीत नाहीत.

याहूनही घातक असा एक प्रकार आहे. रेखाटनावर मापे लिहिण्याचे काम यंत्र स्वतः करते. ते रेषेचे आकडे वाचते आणि छापते. वरच्या बाजूवर माप टाकले की ते १९९.९ असे उमटेल. घाईत असलेला माणूस रेषा दुरुस्त करण्याऐवजी तो आकडा खोडून त्या जागी २०० असा मजकूर हाताने लिहू शकतो. कागदाच्या काळी हे क्षम्य होते, किंबहुना रीतीला धरूनही होते, कारण तेव्हा आकडाच प्रमाण होता. आता छापील प्रत एक सांगते आणि रेषा दुसरेच. छापील प्रत वाचणारा जोडारी २०० धरून चालतो; रेषेवरून थेट आकडे घेणारे कापणीयंत्र १९९.९ कापते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि दोन भाग एकमेकांत बसत नाहीत. मग दोष कोणाचा हे ठरवण्यात वेळ जातो, आणि बहुधा तो सर्वांत खालच्या माणसाच्या माथी येतो.

हस्तकौशल्य आणि व्याख्या

संगणक आल्यामुळे आरेखकाचे कौशल्य संपले, असे म्हणणारे आहेत. एक कौशल्य खरोखरच मागे पडले आहे. एकसारख्या जाडीची रेषा ओढणारा, सुबक अक्षरे काढणारा, पात्याने शाई खरवडताना कागद न फाडणारा हात आता कोणी मागत नाही. असा हात घडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या दृष्टीने हा तोटा लहान नव्हे, आणि तो बोलून दाखवण्यात संकोच करू नये.

परंतु त्याच माणसांजवळ दुसरेही एक ज्ञान होते, आणि त्याची गरज मात्र कमी झालेली नाही. वर्तुळ निश्चित होण्यास काय लागते, पान्याचे माप कोठून कोठे धरतात, छिद्र कडेच्या किती जवळ नेता येते, हे त्यांना ठाऊक होते. पूर्वी हे ज्ञान नसलेल्या माणसाचे रेखाटन ओबडधोबड दिसे आणि त्यावरून त्याची परीक्षा होई. आता अज्ञानाने काढलेले रेखाटनही ज्ञानाने काढलेल्याइतकेच देखणे दिसते. म्हणून दिसण्यावरून परीक्षा करण्याचा मार्ग बंद झाला आहे, आणि परीक्षा आकड्यांची करावी लागते.

यासाठी शिकणाऱ्याने एक साधी सवय लावून घ्यावी. कळफलकाला हात लावण्यापूर्वी कोऱ्या कागदावर भागाचे कच्चे चित्र हातानेच काढावे आणि त्याशेजारी ती आकृती निश्चित करणाऱ्या गोष्टी लिहाव्यात. आपल्या प्लेटच्या बाबतीत त्या अशा: लांबी २००, रुंदी १२०, कोपऱ्याची त्रिज्या २०, मधल्या छिद्राचा व्यास ६० व त्याचे स्थान बरोबर मध्यभागी, बोल्टची छिद्रे चार, त्यांचा व्यास १२, त्यांची केंद्रे प्रत्येक कडेपासून २० आत. एवढे लिहून झाले की पुढे उरतात त्या केवळ आज्ञा, आणि त्या एका दुपारीही शिकता येतात. काम संपल्यावर तोच कागद पुढे ठेवून प्रत्येक माप यंत्राला विचारावे आणि ताडून पाहावे. आवडीच्या कारखान्यात असो, अहिल्यानगरच्या संस्थेत असो किंवा एखाद्या लहानशा यंत्रशाळेत असो, पलीकडच्या टोकाला हातात पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण न पाहता दिलेले वचन पाळले गेले आहे की नाही, हे त्या पडताळ्यातूनच कळते.